थर्मोस्टॅट: एक परभणीतला, एक जर्मनीतला

डिसेंबर-जानेवारीत परभणीत पहाटे आंघोळीला गरम पाणी नसेल तर काय हाल होतात, हे पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना सांगून पटत नाही. मराठवाडा म्हणजे ऊन, एवढंच त्यांच्या डोक्यात. इथल्या कृषी विद्यापीठात नोंदलेलं तापमान रोज पेपरात येतं. कधी आठ, कधी सहा, एखाद्या वर्षी पाचाच्याही खाली. उन्हाळ्यात चव्वेचाळीस अंश सोसणारी आम्ही माणसं त्या गारठ्यात पार आखडून जातो. नेमक्या अशाच आठवड्यात आमच्या न्हाणीघरातल्या गिझरनं दोन तक्रारी एकदम सुरू केल्या. पाणी कोमटाच्या पुढं जाईना, आणि खालच्या चकचकीत व्हॉल्व्हमधून थेंब थेंब गळायला लागलं.

गळतीची काळजी मला वाटली, सासूबाईंना नाही. त्यांनी खाली बादली लावून दिली आणि ते पाणी फरशी पुसायला घेऊ लागल्या. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणलं, तेव्हा त्यांची धाकटी जाऊ लातुरातच होती. त्यामुळं गळणारं पाणी आधी भरून घ्यायचं आणि नळ मग दुरुस्त करायचा, हा आमच्या घरचा क्रम ठरलेला.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून आधी वहीवर हिशोब केला. गिझर २५ लिटरचा, उभा, २००० वॅटचा. पाणी २० अंशांवरून ६० वर न्यायचं तर सुमारे ४२०० किलोज्यूल उष्णता लागते, म्हणजे साधारण ३५ मिनिटं. आमचा लाल दिवा सात-आठ मिनिटांतच विझत होता. त्या वेळात २५ लिटर पाणी जेमतेम आठ-नऊ अंशांनी तापतं, आणि नळाला येत होतं तेही तेवढंच. म्हणजे एलिमेंट तापत होतं, वीज येत होती, फक्त थर्मोस्टॅट ‘झालं, तापलं’ म्हणून लवकर सुट्टी देत होता. मधूनच तर दिवा अजिबात लागत नसे. खालचं झाकण काढून सेफ्टी कटआउटचं छोटं बटण दाबलं की पुन्हा सुरू. हे कटआउट म्हणजे थर्मोस्टॅट बिघडला तर पाणी उकळू नये म्हणून ठेवलेला दुसरा पहारेकरी. तो उगाच उडत नाही, आणि रोज बटण दाबून त्याला गप्प करणं हा काही उपाय नव्हे.

सर्व्हिस सेंटरला फोन लावला. पलीकडच्या मुलानं लक्षणं पुरती ऐकूनही घेतली नाहीत. “मॅडम, थर्मोस्टॅट, एलिमेंट, सगळा सेट बदलावा लागेल.” माणूस कधी येईल, तर आठवड्यानं. मग आमच्या गल्लीतले नळवाले चाचा. सगळे त्यांना चाचाच म्हणतात. वायरिंगची कामंही करतात, आणि मुख्य म्हणजे करताना शेजारी उभं राहून बघू देतात. त्यांनी गिझरच्या पोटाला बोटांनी टकटक केलं, कान लावला आणि म्हणाले, “मॅडम, थर्मोस्टॅट तो डाल देते, पाच मिनट का काम है. लेकिन वो बी मरेगाच. अंदर पत्थर भरा है, पत्थर.”

हा पत्थर म्हणजे आमच्या बोअरचं पाणी. नळाला येलदरीचं पाणी येतं, पण ते आठ-दहा दिवसांनी. ते प्यायला आणि स्वयंपाकाला. वापरायला सगळं बोअरचं. त्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, हे घरातल्या बाईला प्रयोगशाळेशिवाय कळतं. तरी मी मागं एकदा नमुना तपासून घेतला होता: कठीणपणा लिटरला सहाशे मिलिग्रॅमच्या वर. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० पर्यंत ठीक म्हटलंय, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्या म्हटलंय. अशा पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट तापवलं की फुटतं, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट भांड्याला बसतं. शाळेत ‘तात्पुरता कठीणपणा’ या धड्यात आम्ही हे दोन ओळींत उरकतो. आता घरचं गणित बघा. रोज ५० लिटर पाणी गिझरमधून जातं, लिटरमागं ६०० मिलिग्रॅम, म्हणजे रोज ३० ग्रॅम. त्यातला दहावा हिस्सा जरी आत बसला तरी दिवसाला ३ ग्रॅम आणि वर्षाला किलोभर दगड. आमचा गिझर तर लग्नातल्या आहेरासारखा, बसवल्यापासून कुणी उघडून पाहिलाच नव्हता.

रविवारी उघडायचं ठरलं. चाचांची पहिली अट: नुसतं बटण नाही, गिझरचा एमसीबीच, म्हणजे पेटीतला खटकाच पाडा. मग टेस्टरनं तिन्ही ठिकाणी तपासलं. जुन्या घरांत कधी कधी स्विच न्यूट्रलवर असतो आणि बटण बंद करूनही फेज आत उभी असते, टेस्टर त्यासाठी. मग गिझरला येणाऱ्या थंड पाण्याचा अँगल कॉक बंद. गरम पाण्याचा नळ उघडा ठेवला, म्हणजे वरून हवा आत शिरते आणि पाणी खाली उतरतं. थंड पाण्याची लवचिक नळी सोडली आणि तिथून बादल्या भरून घेतल्या (सासूबाई तयारच होत्या). शेवटचं पाणी दुधासारखं पांढुरकं आलं, आणि मग काहीच येईना, तरी गिझर जडच लागत होता.

खालचं झाकण काढल्यावर मी आधी मोबाइलवर वायरींचे फोटो घेतले. कुठली वायर कुठं, हे डोक्यात ठेवायची गोष्ट नाही. फेज आधी कटआउटमधून, मग थर्मोस्टॅटमधून एलिमेंटला जाते. अर्थिंगची हिरवी वायर सरळ टाकीच्या अंगाला. एका टर्मिनलचं टोक काळं पडलं होतं, वायरीचं रबर दीड-दोन बोटं कडक झालं होतं. २००० वॅट म्हणजे जवळपास ९ अँपिअर. स्क्रू जरा ढिला राहिला की तिथंच ठिणगी आणि तिथंच उष्णता. चाचांनी जळका भाग कापून नवा लग दाबला.

थर्मोस्टॅट ओढला की बाहेर येतो, तो पाण्यात नसतो. एलिमेंटच्याच तबकडीला एक बंद नळी असते, तिच्यात याची लांब पितळी काडी कोरडीच बसते. त्या पितळी नळीच्या आत दुसरी काडी असते इन्व्हारची, म्हणजे लोखंड-निकेलच्या एका मिश्रधातूची. पितळ तापलं की लांबतं, इन्व्हार जवळजवळ लांबतच नाही. दोघांच्या लांबीत केसाएवढा फरक पडतो आणि तेवढ्यावर टोकाचा स्विच टक् करून सुटतो. या इन्व्हारसाठी शार्ल गीयोम यांना १९२० चं भौतिकीचं नोबेल मिळालं, आणि आम्ही ते स्टेशन रोडवरच्या दुकानातून साडेतीनशे रुपयांना घरी आणतो. मी जुना थर्मोस्टॅट गॅसजवळ धरून टक् ऐकलं. गार झाल्यावर परत टक्. आतले संपर्क काळे झाले होते, बदलायचा तो होताच, पण लवकर बंद पडण्याचं कारण काही त्याच्यात दिसेना. त्याला जे शिवत होतं तेच तो सांगत होता. मग त्याला काय शिवत होतं ते बघायला तबकडी उघडणं आलं.

तबकडीचे नट गंजलेले. इथं मी पाना घेऊन जोर लावायला लागले तसे चाचा ओरडले, “जोर नक्को, मॅडम! हल्लू. पयले थोडा कसो, फिर खोलो.” आधी किंचित आवळायचं म्हणजे गंज तडकतो, मग उलटं फिरवायचं, आणि एकेक नट पुरता न काढता समोरासमोरचे थोडे थोडे ढिले करत जायचं, नाहीतर तबकडी वाकते. त्यांनी गंज सोडवायचा स्प्रे मारला, चहा झाला, मग नट सुटले.

तबकडी खाली आली आणि तिच्यामागून बादलीत खडखड करत क्षार कोसळला. पातळ, वाकडे, अंड्याच्या टरफलासारखे पापुद्रे. वरून पिवळट, आतून पांढरेशुभ्र. टरफल आणि हे, दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटच. चाचा हात घालून काढतच राहिले. ओलं होतं तरी पाच-सहा किलो असावं. एलिमेंट त्याच्यात गळ्यापर्यंत गाडलेलं होतं, आणि थर्मोस्टॅटची नळीही त्यालाच चिकटलेली. सगळा उलगडा तिथं झाला. एलिमेंटची उष्णता पाण्यात जायच्या आधी या दगडात अडकायची, दगड तापायचा, थर्मोस्टॅटला वाटायचं पाणी तापलं. वरचं पाणी बिचारं गारच. सर्व्हिस सेंटरच्या सांगण्याप्रमाणं नुसता सेट बदलला असता तर नवा थर्मोस्टॅट त्याच दगडात जाऊन बसला असता.

एलिमेंट बदलायचं की नाही, हे डोळ्यांनी ठरत नाही. मल्टिमीटर लावला. २००० वॅटच्या एलिमेंटचा रोध किती हवा? २३० चा वर्ग भागिले २०००, साडेसव्वीस ओहम. आमचं सत्तावीसच्या आसपास आलं, म्हणजे तार शाबूत. टर्मिनल आणि तांब्याची नळी यांच्यात काटा अजिबात हलला नाही, म्हणजे अंगात करंट उतरत नाही. एलिमेंट ठेवायचं ठरलं, पण साफ करून. बरेच जण यासाठी फरशीचं ऍसिड वापरतात. ते क्षार झटकन खातं, पण धातूही खातं आणि त्याच्या वाफेनं घसा धरतो. आम्ही किराणा दुकानातून चिवड्यात घालायचं लिंबूसत्त्व आणलं, म्हणजे सायट्रिक ऍसिड. बादलीभर गरम पाण्यात शंभरेक ग्रॅम टाकलं आणि एलिमेंट बुडवलं. जी फसफस सुरू झाली ती बघायला शेजारची पोरं जमली. चुनखडीवर आम्ल टाकलं की कार्बन डायऑक्साइड निघतो, हा प्रयोग मी वर्गात परीक्षानळीत दाखवते; इथं बादलीभर होता. सातवीतल्या एकानं विचारलं, “बाई, मग दगडावर लिंबू पिळला तर?” म्हटलं, आपल्या काळ्या दगडावर काही होणार नाही, शहाबादी फरशीवर पिळून बघ. तो खरंच पिळून आला.

तबकडीलाच एक दांडी असते मॅग्नेशियमची. टाकीच्या आतल्या काचेच्या लेपाला कुठं बारीक चीर पडली तर तिथलं लोखंड गंजायच्या आधी ही दांडी स्वतः झिजते, म्हणून तिला बळीची दांडी म्हणायला हरकत नाही. आमची झिजून नुसती मधली तार उरली होती. हिच्याबद्दल दुकानदारही आपणहून सांगत नाही, आणि टाकी फुटून गळायला लागली की माणूस नवा गिझर घेतो. दांडी, रबरी गॅस्केट आणि थर्मोस्टॅट, तिन्ही नवे बसवले. गॅस्केट जुनं चांगलं दिसलं तरी परत घालायचं नाही, ते एकदा दबलं की तितकंच दबून राहतं. शेवटी गरम नळातून हवा संपून पाण्याची अखंड धार येईपर्यंत टाकी भरली, त्याआधी बटणाला हात नाही. कोरडं एलिमेंट मिनिटभरात जातं. दिवा या वेळी अर्ध्या तासाच्या पुढं जाऊन विझला.

संध्याकाळी बहिणीच्या मुलाचा व्हिडिओ कॉल आला. तो दोन वर्षांपासून जर्मनीत श्टुटगार्टला नोकरीला आहे, त्यामुळं ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही आमच्याकडची म्हण आता घरात रोज ऐकावी लागते. मी गिझरची बादली दाखवली तर म्हणाला, “मावशी, माझ्याकडं पण थर्मोस्टॅटच बिघडलाय. बेडरूमचा रेडिएटर पाचावर ठेवला तरी थंडगार. बाहेर उणे चार आहे.”

तिथं इमारतीच्या तळघरात बॉयलर असतो, त्याचं गरम पाणी पाइपांतून प्रत्येक खोलीतल्या लोखंडी रेडिएटरमध्ये फिरतं आणि पुन्हा खाली जातं. प्रत्येक रेडिएटरच्या तोंडाशी एक व्हॉल्व्ह आणि त्यावर आकड्यांची मूठ. ही मूठ नळासारखी पाणी कमी-जास्त करत नाही. तिच्या पोटात मेण किंवा द्रव भरलेली डबी असते. खोलीतली हवा तापली की डबी फुगते आणि व्हॉल्व्हची बारीक पिन आत ढकलते, पाणी बंद. हवा गार झाली की डबी आखडते, स्प्रिंग पिनेला बाहेर लोटते, पाणी चालू. ३ म्हणजे सुमारे २० अंश, पुढचा प्रत्येक आकडा साधारण चार अंशांचा. म्हणून पाचावर ठेवल्यानं खोली लवकर तापत नाही, नुसती जास्त तापत राहते. तारा किंवा बर्फाचं चिन्ह असतं ते पाइप गोठू नयेत एवढ्यापुरतं. वीज नाही, वायर नाही. आमची पितळेची काडी आणि त्यांची मेणाची डबी, दोन्हींचं काम तापून फुगण्यावरच चालतं.

त्याला म्हटलं, उन्हाळाभर मूठ कुठं होती? बंद. मग पिन आत दाबलेल्या अवस्थेत महिनोन्‌महिने राहून तिथंच धरली असणार. घरमालकाच्या ऑफिसला त्यानं कळवलं होतं आणि तिथं हीटिंगची दुरुस्ती ही मालकाचीच जबाबदारी, पण माणूस यायला वेळ होता. मूठ काढून बघण्यात काही धोका नसतो, कारण पाणी व्हॉल्व्हच्या आत असतं, मुठीत नाही. मूठ आधी पूर्ण उघडी, पाचावर, म्हणजे पिनेवरचा दाब जातो. मग मागची खाचेदार रिंग हातानं फिरवून मूठ ओढून घ्यायची. रिंगचे आटे तिकडं बहुतेक ३० मिलिमीटरचे असतात, काही कंपन्यांच्या मुठी नुसत्या खटक्यानं बसतात. त्यानं मोबाइल जवळ नेला: पितळेच्या नाकाडातून काडेपेटीच्या काडीहून बारीक पिन जेमतेम डोकं काढून होती. “पक्कडीनं ओढू?” म्हणाला. मी तिथूनच चाचांच्या आवाजात ओरडले, जोर नक्को! ओढली आणि निघून आली तर तिच्या जागेतून काळं, वास मारणारं गरम पाणी खोलीभर. तिला फक्त आत दाबायचं आणि सोडायचं, ती आपली आपण बाहेर यायला हवी. त्यानं लाकडी उलथन्याच्या सपाट बाजूनं हलकेच दाबलं, बाजूला थेंबभर तेल सोडलं, पुन्हा दाबलं. बऱ्याच वेळानं पिन दोन-तीन मिलिमीटर वर उसळली आणि रेडिएटरमध्ये खळखळ ऐकू आली. मला इथं फोनवरही आली.

बाहेरच्या खोलीत दुसराच प्रकार. तिथं पिन चांगली होती, पण त्यानं आईनं पाठवलेला जाड पडदा असा लावला होता की मूठ पडद्यामागं. पडद्याआड गरम हवा कोंडायची, डबी फुगायची, खोली गारच. आमच्या दगडात फसलेल्या थर्मोस्टॅटचा हा सख्खा भाऊ. पडदा वर बांधला, दुसरं काही केलं नाही. व्हॉल्व्हचंच अंग गळत असतं तर मात्र मी त्याला हात लावू दिला नसता. त्यासाठी त्या लाइनचं पाणी उतरवावं लागतं, नंतर दाब भरावा लागतो, हवा काढावी लागते, आणि खालच्या मजल्यावरचे लोक थंडीत बसतात. ते मालकाच्या माणसाचं काम.

एक गोष्ट मला त्याच्या रेडिएटरची फार आवडली. त्यात तेच तेच पाणी वर्षानुवर्षं फिरतं. त्यातला क्षार एकदा बसायचा तो बसला, नवा येत नाही. आम्ही रोज ताजा दगड आत ओततो.

आता गळणारा व्हॉल्व्ह. याबद्दल लोकांत इतके गैरसमज आहेत की सविस्तर लिहायला हवं. गिझरला येणाऱ्या थंड पाण्याच्या वाटेवर बसणारा हा व्हॉल्व्ह दोन कामं करतो: आत गेलेलं पाणी मागं जाऊ देत नाही, आणि आतला दाब फार वाढला तर बाजूच्या छोट्या तोंडातून सोडून देतो. साधारण ८ बारच्या आसपास सुटणारा असतो. पाणी २० अंशांवरून ७० पर्यंत तापलं की दोन टक्क्यांनी फुगतं. २५ लिटरमागं अर्धा लिटर. सगळे नळ बंद असतील आणि मागं जायची वाट बंद असेल तर हे पाणी जाणार कुठं? व्हॉल्व्हमधून थेंब थेंब बाहेर. म्हणून गिझर चालू असताना गळणं हा बिघाड नाही, व्हॉल्व्ह जिवंत असल्याची ती खूण आहे. गिझर बंद, पाणी गार, तरीही गळतंय, तर बिघाड. गच्चीवरच्या टाकीमुळं आमच्याकडं दाब पडतो तो तीन-चार मीटरचा, म्हणजे अर्ध्या बारहूनही कमी; तेवढ्यानं ८ बारचा व्हॉल्व्ह उघडायचं कारणच नाही. रात्री गिझर बंद करून मी खाली तांब्या ठेवला. सकाळी तांब्या भरून वाहत होता. स्प्रिंगखाली क्षाराचा कण अडकून बसला होता. नवा बसवला.

चाचा म्हणाले, बरेच लोक गळतं म्हणून त्या तोंडाला बूचच मारून टाकतात. एका घरी त्यांना सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून बांधलेली सापडली होती. तिथं थर्मोस्टॅट चिकटला आणि कटआउटनंही दगा दिला, तर तो गिझर नाही, भिंतीवर टांगलेला बॉम्ब. त्यांनी त्या घरात पट्टी कापल्याशिवाय बाकीच्या कामाला हात लावला नव्हता. अर्थिंगचंही तसंच. आमच्या भागात उन्हाळ्यात जमीन भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग नावालाच उरतं. चाचा वर्षातून एकदा खड्ड्यात पाणी ओततात आणि गिझरला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की वीज तोडणारा खटका, लावायला सांगतात. आम्ही लावला.

व्हॉल्व्ह बदलताना भिंतीतल्या जोडावर चाचांची खरी कारागिरी दिसली. जुनी निप्पल, म्हणजे जोडाचा आट्यांचा तुकडा, टाइलच्या आतच तुटली तर टाइल फोडावी लागते, म्हणून त्यांनी एका पान्यानं भिंतीकडचा तुकडा धरला आणि दुसऱ्यानं व्हॉल्व्ह फिरवला. भिंतीतल्या पाइपाला पीळ म्हणून बसू दिला नाही. टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेनं गुंडाळायची, उलटी गुंडाळली तर कसताना उकलून गोळा होते. पूर्वी सुतळी आणि सफेदा लावायचे. ते अजूनही लोखंडी पाइपावर टेपपेक्षा बरं टिकतं, असं त्यांचं म्हणणं. सोबतीनं बारकी कामंही उरकली. मोरीच्या नळाचं वायसर बदललं. गच्चीवरच्या टाकीचा बॉलकॉक क्षारानं अडकून ओसंडत होता, त्याचीही दांडी लिंबूसत्त्वात बुडवली. गिझरच्या गरम बाजूला कुणीतरी मागं पांढरा पीव्हीसी तुकडा जोडून ठेवला होता, तो पोटाशी खाली वाकला होता. गरम पाण्याला पिवळट सीपीव्हीसीच लागतो, पांढरा नरम पडतो. तो बदलून सोल्युशन वाळेपर्यंत पाणी सोडलं नाही.

चाचांची मजुरी मी ठरलेल्यापेक्षा थोडी जास्त दिली, तर त्यांनी वरचे पैसे परत केले आणि सासूबाईंकडून हुरड्याची पिशवी मागून घेतली.

थर्मोस्टॅटचा काटा आता ५५ वर आहे. पाणी जितकं जास्त तापवावं तितका क्षार जास्त सुटतो, आणि आंघोळीला त्याहून गरम कुणाला लागतंय. दिवाळीच्या सुट्टीत दरवर्षी तबकडी उघडायची असं ठरलंय. पण चाचांच्या मते हाही अर्धाच उपाय. त्यांचं म्हणणं, गिझरला बोअरचं पाणी देऊच नका. न्हाणीघराच्या वर येलदरीच्या पाण्याची वेगळी ५०० लिटरची टाकी बसवा, रोज ५० लिटर धरले तरी दहा दिवस पुरते, तोवर नळ येतो. मधल्या भिंतीतून अर्धा इंची लाइन, दोन कॉक, चार एल्बो, बोअरच्या बाजूला एक बायपास. सासूबाईंचा एकच आक्षेप आहे, पिण्याचं पाणी अंगावर ओतायचं का. त्यावर घरात अजून चर्चा चालू आहे. चाचा मात्र टेप घेऊन भिंत मोजून गेलेत आणि फेब्रुवारीतल्या उरुसाची गर्दी सरली की काम धरतो म्हणालेत.